दरजांसाठी काळा गूळ

दोन फरश्यांच्या मध्ये जी फट असते तिला दरज म्हणतात, हे ज्ञान मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी झालं. त्याआधी मी तिला नुसतं ‘फट’ म्हणत होतो आणि सुखात होतो. ज्ञानानं माणूस मुक्त होतो, असं मी शाळेत मुलांना सांगत आलोय. माझ्या बाबतीत हे ज्ञान झाल्यावर पंधरवड्याच्या आत मी दौंडच्या एस.टी. स्टँडवरच्या पोलीस चौकीत, बाकावर, मांडीवर हात ठेवून बसलेला होतो.

दरजा आमच्याच अंगणातल्या. रांजणगावला कारखाने आले आणि शिरूरमध्ये ज्याला त्याला घर बांधायची घाई झाली, त्या लाटेत मीही बांधलं. पुढं अंगण, अंगणात शहाबादी फरशी. ठेकेदारानं दोन फरश्यांमध्ये चांगलं बोटभर अंतर ठेवलं होतं. ‘हवा खेळती राहते,’ असं त्याचं म्हणणं. उघड्या अंगणाला आणखी किती हवा पाहिजे होती, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. ठेकेदारापुढं मला काहीच सुचत नाही. अंतरात भरलेला माल दोन पावसाळ्यांत वाहून गेला आणि फटी उघड्या पडल्या.

तरीही काही बिघडलं नसतं. पण गुडघे धरले म्हणून आई निमोण्याहून आमच्याकडे राहायला आली आणि येताना काठी घेऊन आली. एका संध्याकाळी काठीचं टोक फटीत गेलं आणि तिथंच रुतलं. आईनं ओढलं, ते निघेना. तिनं आणखी जोर लावला, तेव्हा ते एकदम निघालं आणि आई मागं बसली. मोडलं काही नाही. कुणी धरायच्या आत ती उठूनही बसली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, “वैशाखाची पुनव झाली का म्या निमोण्याला चालले.”

“किती दिवस?” मी विचारलं.

“दिस कशाला मोजायचे? ऱ्हायलाच चालले. तिथली भुई मला वळखती.”

आमच्या आईचं नाव भागुबाई. शिरूरमध्ये ती ‘सरांची आई’ होती. निमोण्यात ती भागुबाई होती, आणि या दोन्हींत फार फरक आहे. निमोण्याच्या ओढ्याकाठी एके काळी हातभट्ट्या होत्या. आईनं वस्तीतल्या आणि गावातल्या बायका गोळा करून त्या एकेक करून फोडल्या. पुढं पुढं तर ती नुसती शेतावर निघाली तरी ओढ्यात पळापळ व्हायची. अशा बाईला मी शिरूरमध्ये आणून टीव्हीसमोर बसवलं होतं आणि वर माझी समजूत अशी, की मी तिला सुखात ठेवलंय. आमच्या आळीत तिच्याशी कुणी बोलायचं नाही असं नव्हे. ‘बरं आहे का?’ म्हणायचे आणि उत्तराची वाट न बघता पुढं जायचे.

निमोण्याच्या घरात आता कुणी नव्हतं. पावसात छप्पर गळायचं, रात्री पडली असती तर हाक कुणाला मारणार? मला तिला जाऊ द्यायचं नव्हतं. हे मी तिला सरळ सांगायला पाहिजे होतं. पण आमच्या घरात अशा गोष्टी बोलून दाखवायची पद्धत नाही. त्याऐवजी आम्ही सिमेंट आणतो.

उन्हाळ्याची सुट्टी होती. शिक्षकाला सुट्टी लागली की आपल्याला सगळं येतं असं त्याला वाटू लागतं. मी सिमेंट कालवलं, वाळू अंदाजानं घातली, पाणी आणखी अंदाजानं घातलं आणि दिवसभर उन्हात बसून चमच्यानं दरजा भरल्या. हो, चमच्यानं. थापी होती, पण ती दरजेत जात नव्हती. सिमेंटवर नंतर पाणी मारावं लागतं हे मला ठाऊक होतं. पण नळाला पाणीच दिवसाआड, त्यात ते सिमेंटला पाजायचं म्हणजे घरातल्यांच्या तोंडचं काढायचं. दोन-तीन दिवसांत ते सगळं वाळून, आक्रसून, लांबच्या लांब कांड्या होऊन वर आलं. माझी बायको करुणा पोस्टात आहे. तिनं एक कांडी उचलून उजेडात धरली.

“छान झालीय,” ती म्हणाली. “पार्सल करू का? तो चमचा मात्र आता तुमचा. जेवायला घेत जा.”

हे घरातच राहिलं असतं, पण अंगण रस्त्यावर होतं. माणूस उकिडवा बसून जमिनीत काहीतरी करतोय म्हटल्यावर जाणारायेणारा थांबणारच. आपल्याकडे आजारी माणसाला आणि बांधकाम काढलेल्या माणसाला सल्ला दिला नाही तर पाप लागतं.

पहिले आले बबनराव. ते आमचे डाव्या हाताचे शेजारी, बांधकाम खात्यातून मुकादम म्हणून निवृत्त झालेले, पण चालताना अजून मागं दोन-चार मजूर असल्यासारखे चालतात. त्यांनी चपलेच्या टोकानं माझी कांडी उडवली.

“ही दरज,” ते म्हणाले. त्या शब्दाची आणि माझी ओळख झाली ती इथं. “आन् दरजंत सिमिट? सर, सिमिट म्हंजी नव्या लोकांचं खूळ. चुना घ्या, वाळू घ्या आन् त्यात काळा गूळ घाला. आमी नदीवरचा पूल बांदला तवा ह्योच माल वापरला. पूल हाय आजून.”

कुठली नदी आणि कुठला पूल, हे बबनराव कधीच सांगत नाहीत. त्यामुळे तो कुणाला बघायला जाता येत नाही आणि पडल्याचंही कळत नाही.

त्यांचा आवाज ऐकून उजव्या हाताच्या भिंतीवरून सिद्दीकचाचांचं डोकं वर आलं. सिद्दीकचाचा दौंडच्या रेल्वेत फिटर होते. वाफेची इंजिनं बंद झाली, चाचा निवृत्त झाले, पण या दोन्ही गोष्टी त्यांनी मनावर घेतलेल्या नाहीत.

“सर, गूळ नका घालू,” चाचा म्हणाले. “मुंग्या येतील. फरशी उचलून नेतील पाठीवर. लोखंडाचा कीस घ्या. त्यात नवसागर टाका, जरा पानी. गंज चढतो, फुगतो, आन् असा घट बसतो का छिन्नीनं निघत न्हाई. इंजनाच्या नळाची जोडणी आमी अशीच करायचो. तिथं वाफ फोडू शकली न्हाई, तुमच्या आईची काठी काय फोडती?”

“इंजन आन् आंगण येक हाय व्हय?” बबनराव म्हणाले.

“जोड तो जोड असतो.”

“आमच्या पुलाला पाच पूर लागले.”

“आमच्या इंजनानं तुमच्यासारखे पाच पूल वलांडले.”

इथं माझ्या अडचणीचं खरं स्वरूप सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं वागणं मूर्खपणाचं वाटेल. उन्हाळ्यात आम्ही पाणी भरायचो ते बबनरावांच्या बोअरचं. आणि आमचा फोन यायचा तो सिद्दीकचाचांकडे, कारण आमचा अर्ज टेलिफोन खात्यात कुठंतरी सुरक्षित पडून होता. गूळ घातला तर फोन बंद, नवसागर घातला तर पाणी बंद. तेव्हा दरजेत काय भरायचं हा प्रश्न राहिलाच नाही. आयुष्यात पाणी महत्त्वाचं की संपर्क, असा तो प्रश्न झाला.

मी रात्रभर विचार करून तोडगा काढला. बबनरावांच्या बाजूचं निम्मं अंगण चुना-गुळाचं, चाचांच्या बाजूचं निम्मं कीस-नवसागराचं. मला हा तोडगा इतका आवडला, की मी करुणाला उठवून सांगितला. ती म्हणाली, “आणि मधली दरज?” मी म्हटलं, ती अजून ठरायचीय. ती कूस बदलून झोपली.

आता शहाणा माणूस बाजारात गेला असता. शिरूरच्या पेठेत काळा गूळही मिळतो आणि नवसागरही, हे मला सगळं उरकल्यावर कळलं. पण आपल्याकडे दुकानातून वस्तू आणणं म्हणजे आपल्याला जगात कुणी विचारत नाही हे चारचौघांत कबूल करणं. वस्तू ओळखीनं आणायची असते.

“दुकानात कशाला?” बबनराव म्हणाले. “चुना माज्याकडं पडलाय. गुळाला पाटसला जा. तिथं माजा साडू हाय, त्याचं गुऱ्हाळ हाय. माजं नाव सांगा.”

“नवसागर दौंडात घ्या,” चाचा म्हणाले. “माझा भाचा अलीम हाय, लेथ चालवतो. कीस त्याच्याकडंच पडलेला असतो, आन् नवसागर तो शेजारच्या कल्हईवाल्याकडून देईल. माझं नाव सांगा.”

माणसाचा सल्ला नाकारला तर एक वेळ चालतं. त्याची ओळख नाकारली तर तो आयुष्यभर विसरत नाही. मी मे महिन्याच्या उन्हात दोन कापडी पिशव्या घेऊन निघालो. आई ओट्यावर बसली होती. अंगणात उतरायचं तिनं सोडलंच होतं.

“कुठं निगालास?”

“तुझ्यासाठीच,” मी म्हणालो, आणि वाक्य फार मोठं झालं असं वाटून घाईनं फाटक लावून घेतलं.

पाटसला बबनरावांच्या साडूंनी मला उसाचा रस पाजला, मग चहा पाजला, मग बबनरावांनी लग्नात घातलेल्या गोंधळाची हकिगत सांगितली आणि शेवटी गुऱ्हाळाच्या कोपऱ्यातून गुळाची एक ढेप काढून दिली. ती मागच्या पावसात भिजलेली होती. वरून काळी, आतून जास्त काळी, आणि तिला असा काही वास येत होता की माशासुद्धा आधी जरा लांब थांबून विचार करत होत्या. “भिताडाला घालायचाय न्हवं? मग ह्योच चांगला,” साडू म्हणाले. दौंडला अलीमनं ओळखीची कमाल केली. डबाभर लोखंडाचा कीस तर दिलाच, पण कल्हईवाल्याला हाक मारून नवसागराचा एवढा मोठा पुडा बांधून घेतला की त्यात तालुक्यातली सगळी पितळी भांडी कल्हई करून झाली असती. “मामूंनी सांगितलंय, सरांना कमी पडता कामा नये,” तो म्हणाला. पुडा दुसऱ्या पिशवीत मावेना, म्हणून तो मी गुळाच्या पिशवीत वरती ठेवला.

वाचकांपैकी ज्यांच्या एव्हाना काही लक्षात आलं असेल, ते माझ्यापेक्षा हुशार आहेत. मी शाळेचा व्यसनमुक्ती विभागप्रमुख. दर वर्षी सप्ताहात मी मुलांची फेरी काढतो, भाषण देतो, घोषवाक्यं लिहितो. हातभट्टीची दारू कशाकशाची गाळतात हे मी भाषणात सांगतो आणि त्यात काळा गूळ आणि नवसागर यांचा उल्लेख आवाज चढवून करतो. पण भाषणातला नवसागर वेगळा आणि पिशवीतला वेगळा, अशी माझ्या डोक्यात कुठंतरी सोय होती.

दौंडच्या स्टँडवर शिरूरच्या गाडीची वाट बघत बसलो. गाडी अर्थातच नव्हती. ऊन वाढलं तसा गूळ पाघळला आणि पिशवीतून एक काळा ओघळ निघून माझ्या पँटवरून बुटात गेला. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं नाकानं हवा ओढली, मग पिशवीत डोकावला, मग माझ्याकडे वेगळ्याच आदरानं बघितलं.

“मोठं काम दिसतंय,” तो हळूच म्हणाला.

“अंगणातलं आहे,” मी म्हणालो.

“आंगणात? उगड्यावर?”

“हो, घरापुढंच. रस्त्यावरून दिसतं.”

“आन् शेजारीपाजारी?”

“त्यांच्याच सल्ल्यानं चाललंय सगळं. माल पण त्यांच्याच ओळखीचा.”

“शिरूर लय पुढं गेलं,” असं म्हणून म्हातारा उठला आणि माझ्यापासून तीन बाक लांब जाऊन बसला. त्याच वेळी चौकीच्या दारातून एका हवालदारानं मला बोटानं बोलावलं. म्हातारा मोठ्यानं म्हणाला, “म्या न्हाई वळखत ह्यांना.”

हवालदाराचं नाव भिमाजी. वयानं माझ्याएवढाच, शांत माणूस. त्यानं गूळ काढून टेबलावर ठेवला. त्याच्याशेजारी नवसागर ठेवला. मी स्वतः त्या दोन वस्तू शेजारी शेजारी पाहिल्या आणि मला माझंच भाषण आठवलं. मग त्यानं किसाचा डबा उघडला आणि पहिल्यांदाच गोंधळला.

“ह्ये कशाला?”

“घट्टपणा येतो,” मी म्हणालो. माझं डोकं चालत नव्हतं. “दगडासारखं होतं. छिन्नीनंसुद्धा निघत नाही.”

“लोकं मरतील की वो!” हवालदार उठून उभा राहिला.

मग मी सगळं सांगितलं. फरशी, दरजा, चमचा, पूल, इंजिन. त्यानं मधे न बोलता ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “शिरूरला सिमिट मिळत न्हाई का?” या संपूर्ण प्रकरणात कुणी विचारलेला हा एकमेव शहाणपणाचा प्रश्न, आणि तो विचारायला पोलीस लागले.

मी माझी प्रतिष्ठा बाहेर काढायची ठरवली. चौकीच्या भिंतीवर व्यसनमुक्तीचा छापील फलक होता: ‘गुत्त्याकडे वळली पावले, घरातले दिवे मावळले.’ खाली बारीक अक्षरात माझं नाव, कारण घोषवाक्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. मी त्याच्याकडे बोट केलं आणि खिशातलं शाळेचं ओळखपत्र दाखवलं. हवालदारानं फलकावरचं नाव वाचलं, ओळखपत्रावरचं वाचलं, गुळाकडे बघितलं.

“म्हंजी ह्यातला आभ्यास हाय तुमचा,” तो म्हणाला.

“घरी येऊन दरजा बघा. मी खोटं बोलत असेन तर अटक करा.”

“तेच तर अवघड हाय, सर. माल घावला आमच्या हद्दीत आन् दरजा तुमच्या हद्दीत. आता म्या शिरूरला लिहिणार, ते मानूस पाठवणार, तो दरजा बघणार, पंचनामा करणार, आमाला उलटं लिहिणार. तवर तुमी हितंच. त्यापरास ओळखीचा कुणी आसंल तर बोलवा.”

सकाळपासून मी दुसरं काय करत होतो? एस.टी.डी. बूथवरून चाचांना फोन लावला आणि अगदी हळू आवाजात सांगितलं. चाचांची पद्धत अशी, की आपल्याला आलेला निरोप ते भिंतीवरून आळीभर पोचवतात. “सरांना पोलिसांनी धरलं! हातभट्टीत!” हे मला फोनमधूनच ऐकू आलं. त्यानंतर आमच्या आळीत काय झालं असेल त्याची कल्पना करत मी बाकावर बसून राहिलो. येत्या जूनमध्ये वर्गात पाऊल कसं टाकायचं? मुलं काही बोलणार नाहीत, फक्त फळ्यावर माझंच घोषवाक्य लिहून ठेवतील.

उन्हं कलल्यावर स्टँडसमोर एक जीप थांबली. आधी चाचा उतरले, मग बबनराव, मग करुणा, आणि करुणाचा हात धरून आई. शिरूरला आल्यापासून ती फाटकाबाहेर पडली नव्हती. चौकीच्या फरशीवर काठी टेकत टेकत ती आत आली. त्या फरशीला दरजा नव्हत्या.

दोघा ज्येष्ठांनी माझी बाजू मांडायला सुरुवात केली.

“साहेब, गूळ माज्या सांगण्यावरनं आणलाय,” बबनराव म्हणाले. “ह्यात गुन्हा कसला? पूल बांदलाय आमी गुळानं.”

“गूळच चुकला,” चाचा म्हणाले. “नुस्ता नवसागर असता तर तुमी धरलंच नसतं. कल्हईचा म्हणून सोडलं असतं.”

“नवसागरानंच घात केला! गूळ काय, खायाची वस्तू हाय!”

“खाऊन दाखवा मग!”

बबनराव गुळाजवळ गेले, वास घेतला आणि परत आले. हवालदारानं कपाळाला हात लावला. करुणा माझ्या पँटवरचा ओघळ बघत होती. “डाग जायचा नाही,” एवढंच म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते, आणि ते बघून मला कसंतरीच झालं.

मग आई पुढं आली. काठीनं तिनं दोघांना बाजूला केलं, गुळाच्या ढेपेवर नख मारलं, नवसागराचा पुडा हातात तोलला.

“साहेब,” ती म्हणाली, “म्या लय भट्ट्या बगितल्या. भट्टी लावणारा मानूस लय हुशार आसतो बाबा. त्यो आसा उजेडी, मांडीवर माल घिऊन येस्टीची वाट बगत न्हाई बसत. त्याला आक्कल लागती, धीर लागतो. ह्या माज्या ल्योकाला घरातला ग्यास पेटवता येत न्हाई. चमच्यानं फरशी भरतो ह्यो. ह्यो काय भट्टी लावणार?”

माझ्या अठरा… जाऊ दे, वर्षं मोजत नाही, पण माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या चारित्र्याबद्दल कुणी इतकं खात्रीनं बोललं नव्हतं.

हवालदार मात्र आईकडे निरखून बघत होता. “मावशी, गाव कोणतं तुमचं?”

“निमोणं.”

“निमोण्याच्या भागुबाई?” तो खुर्चीतून उठला आणि खुर्ची पुढं केली. “आवो, म्या नवा भरती झालो व्हतो तवा तुमच्या वढ्याला छाप्याला आलो व्हतो. आमी पोचायच्या आत तुमी समदी भट्टी फोडून मोकळ्या! आन् वर आमालाच भट्टीचे खड्डे बुजवायला लावले.”

आईनं खुर्चीत बसून त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. “व्हय. त्यात तू लय कामचुकार व्हतास,” ती म्हणाली. “तुजा खड्डा म्या नंतर परत बुजवला.”

चहा आला. जबाब लिहिला गेला. मला विशेष योग्यता नसल्याचं आणि सदर इसम भट्टी लावू शकेल असं वाटत नसल्याचं त्यात नमूद होतं, आणि त्याखाली मी स्वतः सही केली. माल मात्र चौकीतच ठेवून घेतला. सोडलं ते फक्त मला. परतीच्या जीपमध्ये आईनं एकदा माझ्या पँटकडे बघितलं आणि हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवून, शिरूर येईपर्यंत हसत होती. तिला असं हसताना मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि हसू माझ्यावर होतं तरी मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांची सून आसिया भिंतीवरून न बोलता चक्क फाटकातून आत आली. हातात निवडायच्या तांदळाचं सूप होतं. “भागुमावशी, खरंच पोलिसांना खड्डे बुजवायला लावले का हो तुम्ही?” आई ओट्यावरून उठली, अंगणात खुर्ची मागितली, आणि बसून पहिल्यापासून सांगायला लागली. सांगता सांगता तांदूळ निवडून झाले. दुपारी आणखी चार बायका आल्या. त्या येताना शेंगा फोडायला घेऊन आल्या. पुढं हे रोजचंच झालं. कुणी वाल सोलायला आणायचं, कुणी गहू पाखडायला. आळीच्या तोंडाशी एक गुत्ता होता, त्याबद्दल आजवर सगळ्या नुसत्या नाकाला पदर लावायच्या. आता त्याचं काय करायचं यावर आमच्या अंगणात सभा भरायला लागल्या. माझी हकिगत प्रत्येक नव्या बाईला प्रास्ताविक म्हणून सांगितली जायची. मी घरात बसून ती ऐकायचो. चमच्याचा भाग आला की हशा कुठं येणार हे मला पाठ झालं.

पौर्णिमा आली. आई बायकांबरोबर विहारात खीर वाटायला गेली आणि परत आली. निमोण्याचं नाव तिनं काढलं नाही. मी विचारलं नाही. तिचं भरलेलं गाठोडं आठवडाभर कपाटाजवळ तसंच होतं. मग एके दिवशी ते दिसलं नाही आणि लुगडी दोरीवर वाळत होती.

आणि दरजा? त्या भरल्या. कुणी भरल्या असं नाही. बायकांच्या चपलांची माती, तांदळाचे खडे, गव्हाचा कोंडा, शेंगांची टरफलं, त्यावर आईचा रोजचा झाडू आणि सडा. महिन्याभरात ते सगळं असं दाबून बसलं की पहिल्या दोन पावसांत जागचं हललं नाही. बबनरावांनी येऊन चपलेच्या टोकानं टोकरून बघितलं. “शेवटी गूळच घातला ना? चुन्याची पकड लगेच कळती,” ते म्हणाले. मी मान हलवली. चाचांनी भिंतीवरून बघितलं. “नवसागर!” ते म्हणाले. मी त्यांच्याकडेही मान हलवली. पाणी आणि फोन दोन्ही चालू राहिले. पावसाळ्यात भिमाजी हवालदार काही कामानं शिरूरला आले तेव्हा आईला भेटून गेले, हद्दीची पर्वा न करता दरजा बघून गेले आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “सर, तेवढा तुमचा मुद्देमाल घिऊन जावा. चौकीत मुंग्या झाल्यात.”

आईच्या खुर्चीजवळची एक दरज मात्र उघडीच राहिली होती. चांगली खोल. सगळ्या भरल्या, हीच कशी भरत नाही, याचं मला नवल वाटायचं. म्हटलं, एवढं तरी आपल्या हातून व्हावं. एका रविवारी घमेल्यात थोडं सिमेंट कालवलं, तोच चमचा घेतला आणि खुर्चीजवळ जाऊन बसलो.

“ती ऱ्हाऊ दे,” आई म्हणाली.

“अगं, हिच्यातच तर काठी अडकली होती तुझी!”

“म्हाईत हाय. रोज खिळ्यानं उकरून म्याच मोकळी ठिवती ती.” तिनं काठी उचलली आणि तिचं टोक दरजेत रोवलं. काठी ताठ उभी राहिली, खुर्चीच्या बरोबर हाताशी. “ही भरलीस तर काठी कुठं उभी करू? हितंच बसायचंय की आता मला.”

मी तसाच उकिडवा बसून राहिलो. फाटकातून आसिया सूप घेऊन येत होती, तेव्हा उठलो आणि घमेलं घेऊन आत गेलो. ते धुवायचं मी विसरलो, आणि त्यातलं सिमेंट दुसऱ्या दिवशी असं घट्ट बसलं की छिन्नीनंसुद्धा निघालं नाही.